वासरू जन्मलं पण श्वास घेईना: पहिल्या तासाचं काम, क्रमवार

विताना किंवा व्याल्यावर लगेच दगावणारी बहुतेक वासरं कळा सुरू झाल्या तेव्हा जिवंत असतात. पूर्ण दिवसांची, धडधाकट, पोटात नीट वाढलेली. त्यांचा घात होतो तो शेवटच्या तास-दोन तासांत, ऑक्सिजन कमी पडल्याने. यातले बरेच मृत्यू टाळता येतात, हे मी पशुवैद्यकाच्या कामातून ठामपणे सांगू शकतो. त्यासाठी महागडं औषध लागत नाही, कामाचा क्रम लागतो. तो क्रम डोक्यात पक्का बसायचा तर त्या वेळी वासराच्या फुप्फुसात काय घडत असतं ते कळलं पाहिजे. म्हणून आधी शरीराच्या आत जाऊ, मग गोठ्यात.

फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांची उलटी चाल

गायीच्या पोटात वासराची फुप्फुसं द्रवाने भरलेली असतात. ऑक्सिजन येतो वारेतून, नाळेवाटे. फुप्फुसांना तिथे काम नसतं, त्यामुळे हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा जेमतेम दहावा हिस्सा तिकडे जातो. मेंढीच्या गर्भांवरच्या मोजमापांतून हे प्रमाण कळलं आहे. बाकीचं रक्त दोन आडवाटांनी फुप्फुसं टाळून पुढे जातं. पहिली आडवाट म्हणजे हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधलं छिद्र. दुसरी म्हणजे फुप्फुसाची धमनी आणि महाधमनी यांना जोडणारी आखूड नळी. या काळात फुप्फुसातल्या बारीक धमन्या आवळलेल्या असतात, कारण गर्भाच्या रक्तात ऑक्सिजन मुळातच कमी असतो आणि फुप्फुसं द्रवाने भरलेली असतात.

जन्मानंतरच्या पहिल्या काही श्वासांत हे सगळं पालटतं. हवा आत शिरते, रक्तातला ऑक्सिजन चढतो, आवळलेल्या धमन्या सैल पडतात आणि फुप्फुसांकडे जाणारं रक्त जवळपास ८ ते १० पट वाढतं. जॉफ्री डॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये ऑक्सफर्डला कोकरांवर हे मोजून दाखवलं: फुप्फुसात हवा भरली की तिथल्या रक्तवाहिन्यांचा विरोध झपाट्याने उतरतो. ऑक्सिजन वाढला की जोडनळीही आकसू लागते आणि आडवाटा हळूहळू बंद होतात. धमन्यांच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू स्रवतो, त्याचाही धमन्या सैल करण्यात मोठा वाटा असतो.

आता वासराला पहिला श्वासच घेता आला नाही तर? शरीरात इतरत्र ऑक्सिजन कमी पडला की रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणजे त्या भागाला जास्त रक्त मिळावं. फुप्फुसात याच्या नेमकं उलट होतं: ऑक्सिजन कमी झाला की तिथल्या धमन्या आवळतात. स्वीडनमध्ये उल्फ फॉन ऑयलर आणि योरान लिलयेस्ट्रांड यांनी १९४६ मध्ये मांजरांवर प्रयोग करून हे मांडलं. मोठ्या जनावरात या चालीचा फायदाच असतो. पाट चालू असताना एका वाफ्याचं दार बंद केलं की पाणी शेजारच्या वाफ्यात जातं, तसं न्यूमोनिया झालेल्या भागाकडचं रक्त हवा असलेल्या भागाकडे वळतं. पण नवजात वासराच्या फुप्फुसात कुठेच हवा नसेल तर सगळ्या वाफ्यांची दारं एकदम बंद होतात, आणि पाणी जुन्या ओढ्याने, म्हणजे त्या दोन आडवाटांनी, निघून जातं. हृदय धडधडत असतं, रक्त फिरत असतं, पण ऑक्सिजन न घेताच.

ऑक्सिजनविना स्नायू काम करतात तेव्हा रक्तात लॅक्टिक आम्ल साठतं. श्वास नसल्याने कार्बन डायऑक्साइडही साठतो, त्यानेही रक्त आम्लधर्मी होतं. आणि हे आम्ल फुप्फुसाच्या धमन्या आणखी आवळतं. अब्राहम रुडॉल्फ आणि स्टॅन्ली युआन यांनी १९६६ मध्ये नवजात वासरांवरच हा अभ्यास केला. ऑक्सिजन तेवढाच कमी ठेवला, पण रक्त आम्लधर्मी असेल तर धमन्या कितीतरी जास्त आवळतात, असं त्यांना आढळलं. त्यातून गोवंशाच्या फुप्फुसातल्या बारीक धमन्यांना स्नायूंचा थर जाड असतो. मेंढी आणि कुत्रा यांच्यात ही प्रतिक्रिया सौम्य असते, गाय आणि डुक्कर यांच्यात तीव्र. आपल्या गोठ्यात जन्मणारं वासरू या बाबतीत जात्याच नाजूक आहे.

यातून गोठ्यातला क्रम आपोआप ठरतो. आधी हवा, कारण फुप्फुसाच्या धमन्या उघडणारं सगळ्यात प्रभावी औषध ऑक्सिजनच आहे. मग ऊब, कारण थंडीने कुडकुडणारं वासरू असलेला ऑक्सिजनही उधळतं. मग चीक. इंजेक्शन सगळ्यात शेवटी. बहुतेक गोठ्यांत मात्र मी उलटा क्रम पाहतो: वासरू निपचित पडलेलं असतं आणि घरातलं कुणीतरी डॉक्टरांनी ताकदीचं इंजेक्शन द्यावं म्हणून फोन लावत असतं. फोन जरूर लावा, पण एकाने. बाकीच्यांचे हात वासरावर हवेत.

गाय विण्याआधी: काय हाताशी ठेवायचं

तारीख जवळ आली की एका बादलीत किंवा पेटीत सामान बाजूला काढून ठेवा. कोरडे जुने टॉवेल किंवा सुती धडपे चार-पाच, स्वच्छ गोणपाट, ७ टक्क्यांचं टिंक्चर आयोडीन, थर्मामीटर, लांब बाह्यांचे हातमोजे, निर्जंतुक केलेली सुती दोरी, वंगणासाठी जेल, चिकासाठी निप्पलची बाटली, आणि एक बॅटरी, कारण गाय बहुधा वीज गेलेली असतानाच विते. ज्यांच्याकडे दहा-बारा गायी आहेत त्यांनी वासरासाठीचा मुखवटा असलेला हातपंप घ्यावाच. माणसांसाठीची मोठी अम्बू बॅग (हाताने दाबून फुप्फुसात हवा भरायची पिशवी) आणि वासराच्या तोंडावर बसेल असा मुखवटा एवढ्यावरही काम भागतं. दूध संस्थेने किंवा चार शेजाऱ्यांनी मिळून एक संच आणि ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर ठेवला तर गावाची सोय होते.

गाय विते ती जागा कोरडी हवी. भुश्श्याचा किंवा पेंढ्याचा जाड थर टाका. ओल्या सिमेंटवर पडलेलं वासरू काही मिनिटांत गार पडतं.

विताना: घड्याळ बघा

पाणमोट (गर्भजलाची पिशवी) दिसली किंवा फुटली की वेळ वहीत लिहा. अंदाजाने "मघाशीच फुटली" म्हणणं आणि प्रत्यक्ष वेळ यात फार तफावत पडते. पाय दिसू लागल्यावर अर्ध्या तासात काहीच पुढे सरकलं नाही तर डॉक्टरांना बोलवा. पहिलारू कालवडीला थोडा जास्त वेळ लागतो, पण तिथेही तासभर जागच्या जागी अडकलेलं वासरू म्हणजे धोका. शासनाच्या फिरत्या पशुचिकित्सा पथकासाठी १९६२ हा टोल-फ्री क्रमांक आहे. तो गोठ्याच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. म्हैस अस्वस्थ आहे, हलक्या कळा देते, पण पाणमोट येतच नाही, असं असेल तर गर्भाशयाला पीळ पडल्याची शंका घ्या. म्हशी अडण्यामागे हे फार मोठं कारण असतं आणि त्यात वाट पाहण्यात वासरू जातं.

इथे एक विनंती. कळा वाढवायचं इंजेक्शन स्वतःहून किंवा कुणा अर्धवट माहितीच्या माणसाकडून टोचून घेऊ नका. प्रत्येक कळेला गर्भाशय आवळतं तेव्हा वारेकडे जाणारा रक्तपुरवठा काही काळ घटतो आणि दोन कळांच्या मधल्या विश्रांतीत भरून निघतो. इंजेक्शनने ती विश्रांतीच संपते. वासरू आडवं असेल किंवा गर्भाशयाचं तोंड उघडलेलं नसेल तर कळा वाढून ते बाहेर येत नाही, आतच गुदमरतं.

पाय कोणते आहेत ते ओळखा. खुरांचे तळवे खाली आणि वरचे दोन्ही सांधे एकाच दिशेने वाकत असतील तर पुढचे पाय. तळवे वर आणि पुढे टोकदार घोटा लागत असेल तर बहुधा मागचे. मागच्या पायांनी येणाऱ्या वासराची गोष्ट वेगळी आहे. त्याचे पुठ्ठे बाहेर येताना नाळ गायीच्या कटीच्या हाडावर दाबली जाते, आणि डोकं तर अजून आत, द्रवात असतं. तिथे श्वास घेतला तर पाणीच आत जाणार. म्हणून घोटे दिसेपर्यंत घाई करू नका, माणसं आणि सामान जमवा, डॉक्टर जवळ असतील तर त्यांची वाट बघा. पण एकदा शेपटीचं मूळ आणि पुठ्ठे बाहेर येऊ लागले की मध्ये थांबायचं नाही. पुढच्या दोन-तीन मिनिटांत वासरू पूर्ण बाहेर आलं पाहिजे.

डोक्याकडून येणाऱ्या वासराच्या बाबतीत उलट. डोकं आणि छाती बाहेर आली की क्षणभर थांबा, नाक पुसा, छाती चोळा, त्याला श्वास घेऊ द्या. मग पुढच्या कळेला ओढा. ओढायचं ते फक्त कळ येते तेव्हा आणि दोन माणसांच्या ताकदीपुरतं. ट्रॅक्टरला किंवा खांबाला दोरी बांधून ओढलेल्या वासरांच्या बरगड्या मोडलेल्या असतात. मोडक्या बरगडीने श्वास घेता येत नाही, मग तुम्ही पुढे कितीही पंप मारा.

पहिलं मिनिट: बघायचं काय

वासरू बाहेर आलं की वेळ लिहा आणि नजर फिरवा. चांगलं वासरू अर्ध्या ते एका मिनिटात श्वास घेतं, डोकं हलवतं, शिंकतं. जीभ गुलाबी असते. तोंडात बोट घातलं तर चोखायला बघतं, खुरांच्या बेचक्यात चिमटा घेतला तर पाय ओढून घेतं. डाव्या कोपराच्या मागे छातीवर हात ठेवला तर काळजाचे ठोके मिनिटाला साधारण १०० ते १५० लागतात.

काळजीची लक्षणं अशी: अंग पिवळसर-तपकिरी चिकट मळाने माखलेलं (आत असतानाच घुसमटून वासराने शेण टाकलं), जीभ आणि डोकं सुजलेलं, जीभ निळी, अंग चिंधीसारखं ढिलं, श्वासाऐवजी मधूनच एखादा आचका. जीभ पांढरीफटक आणि ठोके मंद असतील तर परिस्थिती निळ्या जिभेपेक्षाही वाईट असते. निळ्या जिभेच्या वासराचं रक्ताभिसरण निदान चालू आहे. पांढऱ्या जिभेच्या वासराचं हृदय थकत चाललं आहे.

उलटं टांगू नका

मागचे पाय धरून वासराला गेटवर टांगायची पद्धत गावोगाव आहे. तोंडातून भसाभसा पाणी पडतं आणि बघणाऱ्यांना वाटतं फुप्फुसं मोकळी झाली. त्या पाण्याचा बराचसा भाग पोटातला असतो. टांगल्यावर पोटातले सगळे अवयव छाती आणि पोट यांच्यामधल्या, श्वास ओढणाऱ्या पडद्यावर येऊन बसतात, पडदा खाली सरकूच शकत नाही, आणि जो श्वास घ्यायला आपण मदत करतोय तोच अडतो. फुप्फुसातला द्रव बाहेर ओतून काढायची गरजही नसते. वितानाच्या ताणात वासराच्या अंगात ॲड्रेनालिन वाढतं, त्यामुळे फुप्फुसाच्या पेशी तो द्रव आत शोषून घेऊ लागतात. पहिल्या खोल श्वासांनी हवा त्याला पुढे ढकलते आणि तो रक्तात व लसिकावाहिन्यांत जातो. गोल फिरवणं तर त्याहून वाईट. कुत्र्याच्या पिल्लांना असं झटकल्याने मेंदूत रक्तस्राव झालेला आहे.

त्याऐवजी हे करा.

१. नाक-तोंडातला चिकट पदार्थ बोटांनी आणि कोरड्या फडक्याने काढा. नाकपुड्यांवरून खाली हात ओढून चिकटा पिळून काढा. जीभ पुढे ओढा. रबरी फुगा असेल तर नाकपुडीतून हलकेच ओढा, घशात खोल नको.

२. वासराला छातीवर बसवा. मागचे दोन्ही पाय पोटाच्या दोन्ही बाजूंनी पुढे ओढून ठेवा, बेडकासारखे. मान सरळ पुढे. आजूबाजूला गवताच्या पेंढ्या किंवा पोती लावून आधार द्या. कुशीवर पडलेल्या वासराचं खालचं फुप्फुस स्वतःच्याच वजनाखाली दाबलं जातं. तिथे हवा जात नाही, मग तिथल्या धमन्याही आवळलेल्या राहतात, म्हणजे अर्धं फुप्फुस वाया. दोन्ही फुप्फुसांत सारखी हवा जावी म्हणून ही बैठक. या एका गोष्टीने वाचलेली वासरं मी पाहिली आहेत आणि तिला एक रुपयाही लागत नाही.

३. कोरड्या टॉवेलने बरगड्या आणि पाठ जोरात चोळा. स्वच्छ काडी नाकपुडीत हळूच फिरवा, शिंक किंवा आचका येईल. चूळभर गार पाणी कानात किंवा डोक्यावर टाका. गार पाण्याने वासरू दचकून श्वास ओढतं. बादलीभर पाणी अंगावर ओतू नका, आणि डोकं लगेच पुसा.

मिनिटभरात श्वास आला नाही तर

गुदमरलेलं पिल्लू सुरुवातीला धापा टाकतं, मग श्वास थांबतो. हा पहिला थांबा. इथे काडी, चोळणं, गार पाणी यांनी श्वास परत येतो. त्यानंतर काही काळ आचके येतात आणि मग दुसरा, शेवटचा थांबा येतो. या टप्प्यात कितीही गुदगुल्या करा, श्वास येत नाही. फुप्फुसात बाहेरून हवा भरावी लागते. डॉस यांच्या गटाने नवजात प्राण्यांवर हे टप्पे दाखवले आणि माणसांच्या बाळांसाठीच्या आजच्या पद्धतीही त्यावरच उभ्या आहेत. बाहेर आलेलं वासरू पहिल्या थांब्यात आहे की दुसऱ्या, हे बघून सांगता येत नाही, कारण पहिला थांबा पोटातच होऊन गेलेला असू शकतो. म्हणून नियम साधा ठेवा: अर्धा ते एक मिनिट चोळून प्रतिसाद नाही, तर काडी बाजूला टाका आणि पंप उचला.

मान सरळ करा, जीभ पुढे. मुखवटा नाक-तोंडावर घट्ट बसवा. दुसऱ्या माणसाने मानेच्या डाव्या बाजूला अन्ननलिका बोटांनी हलकी दाबून धरावी, नाहीतर हवा पोटात जाते आणि फुगलेलं पोट पुन्हा पडद्यावर दाब देतं. पंप असा मारा की छाती उठलेली डोळ्यांना दिसेल. पहिल्या दोन-तीन फुंका थोड्या जोराच्या लागतात कारण चिकटलेलं फुप्फुस उघडायचं असतं. पुढे मिनिटाला १५ ते २० या गतीने, प्रत्येक वेळी छाती पूर्ण खाली बसू देत. दर अर्ध्या मिनिटाला ठोके बघा. हवा पोचते आहे याची पहिली खूण म्हणजे ठोके वाढणं. जीभ त्यानंतर गुलाबी होते आणि स्वतःचा श्वास सगळ्यात शेवटी येतो. त्यामुळे ठोके चांगले लागत असतील तर हात थांबवू नका.

तोंडाला तोंड लावून फुंकू नका. ब्रुसेला, लेप्टोस्पायरा, क्यू फीव्हर हे रोग वारेच्या आणि गर्भजलाच्या संपर्कातून माणसाला होतात. ब्रुसेलाचा ताप आणि सांधेदुखी महिनोन्‌महिने पिच्छा सोडत नाही. पंप नसेल तर छातीवरची बैठक, चोळणं आणि काडी एवढंच चालू ठेवा. हातमोजे घाला, काम झालं की साबणाने हात धुवा.

ऑक्सिजन असेल तर तो पंपाला जोडा. श्वास सुरू झाल्यावर मऊ नळी नाकपुडीत बसवून मिनिटाला ५ ते ६ लिटर देता येतो. इथे ऑक्सिजन दुहेरी काम करतो. रक्तात तर भरतोच, शिवाय फुप्फुसाच्या आवळलेल्या धमन्या सैल करतो. मग रक्त आडवाटांऐवजी फुप्फुसातून जाऊ लागतं. सिलिंडरजवळ बिडी, चूल, तेलकट फडकं नको.

औषधांबद्दल थोडक्यात. श्वासाला चालना देणारं डॉक्सॅप्रॅम डॉक्टर वापरतात, पण ते शरीराची ऑक्सिजनची गरजही वाढवतं, त्यामुळे हवा चालू नसताना त्याचा उपयोग नाही. आम्ल उतरवायला सोडा (सोडियम बायकार्बोनेट) शिरेतून देतात, तो श्वास नीट चालू झाल्यावरच. सोड्याने तयार होणारा कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकायला श्वास लागतो, नाहीतर रक्त पुन्हा आम्लधर्मीच. माणसांच्या बाळांना अशाच आजारात हुंगायला नायट्रिक ऑक्साइड देतात; अमेरिकेत त्याला १९९९ मध्ये मान्यता मिळाली. त्यामागच्या संशोधनात नवजात कोकरांचा मोठा वाटा आहे, हे मला पशुवैद्य म्हणून फार मोलाचं वाटतं. गोठ्यात मात्र ते उपाय येत नाहीत.

ठोके मुळीच लागत नसतील तर छाती दाबून हृदय चालू करण्याचा प्रयत्न डॉक्टर करतात, पण यश क्वचित. दहा मिनिटं हवा भरूनही ठोके नाहीत आणि डोळ्यांची पापणी बोट लावल्यावर हलत नाही, तर थांबा आणि गायीकडे लक्ष द्या. तिचीही शुश्रूषा बाकी असते.

श्वास आला, आता ऊब

नाळ बहुधा आपोआप तुटते. ओढून किंवा लगेच कापून घाई करू नका. तुटल्यावर तिचं टोक आयोडीनमध्ये पूर्ण बुडवा.

मग वासरू कोरडं करा, अगदी कातडीपर्यंत. चाटायला गायीपुढे ठेवलं तर उत्तमच, तिची जीभ आपल्या टॉवेलपेक्षा चांगलं काम करते. डिसेंबर-जानेवारीत गोणपाटाची झूल घाला, वाऱ्याची बाजू बंद करा, दिवा लावायचा तर वासरू आणि पेंढा यांपासून पुरेसा दूर. तापमान ३८.५ ते ३९.५ अंश सेल्सिअसमध्ये हवं. निरोगी वासराच्या अंगात ऊब देणारी खास चरबी असते, पण ती जाळायला ऑक्सिजन लागतो. गुदमरलेल्या वासराला तीच सोय वापरता येत नाही. ते गार पडतं, आम्ल वाढतं, धमन्या पुन्हा आवळू लागतात. श्वास आलेलं वासरू दोन तासांनी "अचानक" गेलं, अशी तक्रार येते तेव्हा मी आधी विचारतो की ते कोरडं केलं होतं का.

किती वेळात ते स्वतःहून छातीवर उठून बसतं तेही लिहा. चांगलं वासरू पाचेक मिनिटांत बसतं. पंधरा मिनिटं झाली तरी बसत नसेल तर त्याच्यावर पुढचे दोन दिवस विशेष लक्ष हवं.

चीक

"वार पडल्याशिवाय चीक पाजायचा नाही" ही समजूत अजून आहे. ती सोडा. वार पडायला कित्येक तास लागू शकतात आणि चिकातली रोगप्रतिकारक द्रव्यं शोषायची आतड्याची ताकद पहिल्या सहा तासांनंतर उतरत जाते, चोवीस तासांत जवळपास संपते. गुदमरून जन्मलेल्या वासराचं शोषण तसंही कमी असतं आणि ते स्वतः उठून सडापर्यंत जात नाही. म्हणून त्याला पहिल्या दोन तासांत चीक मिळालाच पाहिजे. वजनाच्या दहा टक्के हा अंदाज धरा, ४० किलोच्या वासराला चार लिटर. अशक्त वासराला हे दोन हप्त्यांत. खरवस त्यानंतर उरेल त्याचा.

पण आधी बोट चोखतंय का बघा. चोखत नसेल, गिळत नसेल तर नळीने किंवा बाटलीने घशात ओतू नका. चीक श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनिया होतो आणि एवढ्या मेहनतीने उघडलेलं फुप्फुस पुन्हा बंद पडतं. अशा वेळी अन्ननलिकेत नळी घालून पाजणं डॉक्टरांकडून किंवा शिकलेल्या माणसाकडूनच करून घ्या.

पुढचे दोन दिवस

फुप्फुसातला दाब एका श्वासाने कायमचा उतरत नाही. तो उतरायला काही दिवस लागतात, आणि तोवर दोन्ही आडवाटा पुन्हा उघडू शकतात. पहिल्या तासात दर दहा मिनिटांनी जीभ, श्वास, ठोके बघा. नंतर सहा तास दर तासाला. उभं राहण्याचा प्रयत्न, चोखणं, हंबरणं या चांगल्या खुणा. मान लांब करून, नाकपुड्या फुगवून घेतलेला श्वास, ओरडताना निळी पडणारी जीभ, पुन्हा गार पडलेले कान ही लक्षणं दिसली की डॉक्टर. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर वासराच्या जिभेला लावून आलेल्या आकड्यावर विसंबू नका, जिभेच्या रंगावर आणि श्वासावर जास्त विश्वास ठेवा. दिवस न भरता आलेल्या वासरात फुप्फुस उघडं ठेवणारा स्निग्ध थर अपुरा असतो. गाय साधारण २८० दिवसांना, म्हैस ३१० दिवसांना विते. रेतनाची तारीख वहीत असेल तर हा धोका आधीच कळतो.

उंच प्रदेशातल्या वाचकांसाठी एक भर. समुद्रसपाटीपासून साधारण २००० मीटरच्या वर हवेतलाच ऑक्सिजन विरळ असल्याने गोवंशाच्या फुप्फुसाच्या धमन्या सतत आवळलेल्या राहतात. कोलोराडोत हा आजार १९१५ पासून नोंदलेला आहे; हृदयाचा उजवा भाग थकतो आणि छातीखाली पोळीत पाणी साठतं. १९८७ मध्ये तिथल्याच संशोधकांनी नवजात वासरं ४३०० मीटर उंचीएवढ्या विरळ हवेत दोन आठवडे ठेवली, तेव्हा त्यांच्या फुप्फुसातला दाब भयंकर चढला आणि धमन्यांच्या भिंती जाड झाल्या. याउलट लडाखमध्ये १९८६ साली मोजलेल्या याकांचा फुप्फुसातला दाब त्या उंचीवरही कमी होता. आपलं कळसूबाई शिखर १६४६ मीटरचं, त्यामुळे महाराष्ट्रात हा आजार उंचीमुळे होत नाही. पण लेहसारख्या ठिकाणी सपाटीवरून संकरित गायी नेणाऱ्यांनी हे आधीच लक्षात घ्यावं.

गोठ्यात असं वारंवार होत असेल तर

एखादं वासरू दुर्दैवाने जातं. एका वर्षात दोन-तीन गेली तर कारण शोधा. लहान चणीच्या कालवडीला मोठ्या होल्स्टीन वळूचं वीर्य भरलंय का? पहिल्या वेताला जर्सीसारखी लहान वासरं देणारी जात किंवा सुलभ प्रसूतीसाठी निवडलेला वळू घ्या. कालवड प्रौढ वजनाच्या साठ-पासष्ट टक्क्यांवर येण्याआधीच भरवली का? गाय शेवटच्या दोन महिन्यांत फार लठ्ठ झाली का? कॅल्शियम कमी पडून कळा मंदावतात का? गाभडणं आणि मेलेली वासरं दोन्ही दिसत असतील तर ब्रुसेलाची रक्ततपासणी करून घ्या.

वहीत प्रत्येक वितीसाठी पाच रकाने आखा: पाणमोट फुटल्याची वेळ, वासरू बाहेर आल्याची वेळ, पहिला श्वास, स्वतःहून छातीवर बसल्याची वेळ, पहिला चीक. डॉक्टर आले की गाय दाखवण्याआधी ती वही त्यांच्या हातात द्या. उशीर कुठे झाला, आत की बाहेर, ते त्या पाच रकान्यांवरून त्यांना लगेच कळेल, आणि पुढच्या गाभण गायीसाठी काय बदलायचं ते तिथेच ठरवता येईल.